फादर हेल आणि उत्तरेची उषा

पृथ्वीच्या उत्तर टोकाकडील देशांत हिवाळ्याच्या रात्री आकाशात जो हालता प्रकाश दिसतो, त्यास युरोपातील पंडितांनी 'अरोरा बोरिआलिस' असे लॅटिन नाव दिले आहे. अरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवता. आपल्याकडील उषाच म्हणा ना! बोरिआलिस म्हणजे उत्तरेकडील. हे नाव प्रथम गॅलिलिओने योजिले की फ्रान्समधील गासेंदीने, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मराठी ग्रंथांतून 'ध्रुवीय प्रकाश' हा शब्द रूढ झाला आहे आणि शास्त्रीय लेखनास तो सोयीचाही आहे. परंतु जुन्या प्रवाशांनी जे पाहिले त्याची गोष्ट सांगावयाची तर 'उत्तरेची उषा' हेच नाव आम्हांस अधिक जवळचे वाटते. कारण प्रथम दर्शनी हा प्रकाश खरोखरीच अवेळी फुटलेल्या पहाटेसारखा दिसतो. क्षितिजाजवळ फिकट हिरवी कमान उमटते, ती हळूहळू वर चढते, तिच्यातून उभे किरण निघतात, आणि मग वाऱ्याने पडदा हलावा तशी ती सारी शोभा लाटांनी हलू लागते. क्वचित् तिला तांबडी किनार येते. काही वेळाने सारे विरून जाते आणि तारे पूर्वीसारखे लुकलुकू लागतात.

आता विमानाचे तिकीट काढून नॉर्वे, फिनलंड, आइसलंड या देशांत हा प्रकाश पाहावयास जाणारी मराठी मंडळी पुष्कळ आहेत. आठवड्याभरात ती जाऊन परतही येतात. अडीचशे वर्षांपूर्वी मात्र एका येशूसंघीय धर्मगुरूला व्हिएन्नाहून तिकडे पोहोचण्यास साडेपाच महिने लागले. ज्या राज्यात तो गेला, तेथे त्याच्यासारख्या माणसाने पाऊल ठेवणे हा कायद्याने देहदंडाचा गुन्हा होता. त्याने तेथे एक संपूर्ण हिवाळा काढला, उत्तरेची उषा डोळे भरून पाहिली, तिच्यावर ग्रंथही लिहिला. आणि मरणोत्तर 'लबाड' म्हणून त्याचे नाव सुमारे पन्नास वर्षे कलंकित राहिले. फादर मॅक्सिमिलियन हेल यांची ही हकिकत आपल्या ख्रिस्ती वाचकांपुढे मराठीतून क्वचितच आली असेल, म्हणून ती येथे सांगण्याचा आमचा विचार आहे.

उत्तरेच्या या प्रकाशाची जुनी नोंद पाहावयाची तर नॉर्वेतच जावे लागते. इ. स. १२५०च्या सुमारास तेथे 'राजदर्पण' या अर्थाच्या नावाचा एक ग्रंथ लिहिला गेला. त्यात एक पिता आपल्या पुत्रास जगाची माहिती सांगतो आणि ग्रीनलंडमध्ये दिसणाऱ्या या प्रकाशाची तीन कारणे त्याच्यापुढे ठेवतो. पृथ्वीभोवतीच्या महासागरास अग्नीने वेढले असावे, किंवा क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याचे किरण वर पोहोचत असावेत, किंवा तेथील हिमनद्याच रात्री प्रकाश ओकत असाव्यात. तीन कारणे देऊन त्यातील एकासाठी हट्ट न धरणारा हा अनामिक लेखक आम्हांस फार आवडतो. पुढील काळातील थोर थोर पंडितांना हा संयम साधला नाही.

इकडे दक्षिणेस हा प्रकाश क्वचितच दिसे; दिसला की लोक घाबरत. युद्ध, रोगराई, राजाचा मृत्यू यांचे ते चिन्ह मानीत. १२ सप्टेंबर १६२१ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये तो दिसला तेव्हा पिएर गासेंदी या धर्मगुरूने त्याचे शांत चित्ताने निरीक्षण करून वर्णन लिहून ठेवले. भयाच्या जागी कुतूहल आणणाऱ्यांत या धर्मगुरूचे नाव आदराने घ्यावे लागेल. पुढे १७१६ सालच्या मार्च महिन्यात लंडनवर हा प्रकाश झळकला. धूमकेतूमुळे ज्यांचे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे, त्या एडमंड हॅले यांचे वय तेव्हा साठीला टेकले होते. आयुष्यात प्रथमच त्यांना तो पाहावयास मिळाला. पृथ्वीच्या चुंबकत्वाशी याचा काही संबंध असावा, असा तर्क त्यांनी केला. हा तर्क वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१७३६ साली फ्रान्सच्या राजाने मोपर्त्वी यांच्या नेतृत्वाखाली पंडितांची एक तुकडी लॅपलंडला धाडली. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे की लांबट, हे मोजून ठरविणे हा तिचा उद्देश होता. या तुकडीत रेजिनाल्ड उतिए नावाचे धर्मगुरू होते आणि ज्यांच्या नावाने आपण आज तापमान मोजतो ते स्वीडनचे सेल्सिअसही होते. त्या हिवाळ्यात मृग नक्षत्राच्या भोवतालचे आकाश रक्तात बुचकळल्यासारखे लाल झालेले मोपर्त्वींनी पाहिले. फादर उतिए यांनी आपल्या प्रवासाची दैनंदिनी १७४४ साली छापली. कामासाठी गेलेले प्रवासी, आणि काम चालू असता डोक्यावर फडकणारे हे पडदे! उत्तरेच्या उषेचे शास्त्र अशाच प्रवाशांनी उभे केले आहे. केवळ तिच्यासाठी त्या काळी कोणी जात नसे.

फादर हेलही तिच्यासाठी गेले नव्हते. ते गेले शुक्रासाठी.

त्यांचा जन्म १५ मे १७२० रोजी त्या वेळच्या हंगेरीतील शेम्निट्झ या खाणींच्या नगराजवळ झाला. आज हा भाग स्लोव्हाकियात आहे. १७३८ साली ते येशूसंघात दाखल झाले. १७५५ साली व्हिएन्ना विद्यापीठाच्या नव्या वेधशाळेचे ते प्रमुख झाले आणि दरवर्षी ग्रहताऱ्यांच्या स्थितीचे एक पंचांग लॅटिन भाषेत छापू लागले. त्या पंचांगामुळे त्यांचे नाव युरोपभर पसरले. त्यांच्या आडनावावरून इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल, म्हणून सांगून टाकतो की जर्मन भाषेत 'हेल' म्हणजे उजळ, स्वच्छ.

शुक्र हा ग्रह सूर्य आणि पृथ्वी यांच्या बरोबर मधून जातो तेव्हा सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकत गेल्यासारखा दिसतो. यास अधिक्रमण म्हणतात. ते आठ वर्षांच्या अंतराने दोनदा होते आणि मग शंभराहून अधिक वर्षे होत नाही. आपण नाकासमोर बोट धरून आधी एक डोळा मिटला आणि मग दुसरा, तर बोट मागच्या भिंतीवर जागा बदलल्यासारखे दिसते. दोन डोळ्यांतील अंतर ठाऊक असेल तर त्यावरून बोटाचे अंतर काढता येते. तसेच पृथ्वीच्या दोन टोकांवरून शुक्राचा तो ठिपका पाहिला तर सूर्याचे अंतर काढता येईल, ही हॅले यांचीच योजना. १७६१चे अधिक्रमण झाले, पण आकडे जुळले नाहीत. १७६९ची संधी हुकली तर पुढची एकदम १८७४ साली! म्हणून राजेरजवाड्यांनी तिजोऱ्या उघडल्या. कॅप्टन कुक ताहितीस निघाले. फ्रान्सचे धर्मगुरू शाप कॅलिफोर्नियात गेले. निरीक्षण उत्तम झाले, पण तेथील साथीच्या तापाने त्यांचा बळी घेतला. आपल्या पुदुच्चेरीत ल जांती हे फ्रेंच गृहस्थ येऊन बसले होते. १७६१ साली युद्धामुळे त्यांना किनाऱ्यावर उतरता आले नाही, म्हणून मायदेशी न जाता आठ वर्षे पूर्वेच्या समुद्रांतच थांबले. आणि ऐन वेळी सकाळी आकाश ढगांनी झाकले! मायदेशी परतले तेव्हा मृत समजून वारसांनी त्यांची मालमत्ता वाटून घेण्यास प्रारंभ केला होता.

उत्तरेकडील टोक होते नॉर्वेतील वार्डो हे बेट. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. राजा सातवा क्रिश्चियन याने या कामासाठी व्हिएन्नाहून फादर हेल यांना बोलाविले. यातील नवल समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती पाहिली पाहिजे. डेन्मार्क आणि नॉर्वे कट्टर लूथरपंथी होते. १६८७ साली नॉर्वेत जारी झालेल्या कायद्याने मठवासी, येशूसंघीय आणि तत्सम रोमन धर्मगुरू यांना त्या राज्यात वावरण्यास देहदंडाच्या शिक्षेने मनाई केली होती. बरे, कॅथलिक राजे तरी येशूसंघीयांशी कोणते चांगले वागत होते? १७५९ साली पोर्तुगालने त्यांना आपल्या साऱ्या मुलखातून हाकलण्यास आरंभ केला आणि गोव्यातील धर्मगुरूंनाही कैद करून बोटीत घातले. १७६४ साली फ्रान्सने आणि १७६७ साली स्पेनने तोच कित्ता गिरविला. ज्या वर्षी स्पेनच्या कॅथलिक राजाने येशूसंघीयांना घराबाहेर काढले, त्याच वर्षी एका लूथरपंथी राजाने त्यांच्यातील एकास मानाने आपल्या घरी बोलाविले. इतिहास सरळ रेषेत चालत नाही तो असा.

सम्राज्ञी मारिया थेरेसा यांनी अनुमती दिली. २८ एप्रिल १७६८ रोजी फादर हेल आपले सहकारी फादर यानोश शायनोविच यांच्यासह व्हिएन्नाहून निघाले. प्राग, ड्रेस्डेन, हॅम्बुर्ग करीत ते कोपनहेगनला पोहोचले आणि तेथून नॉर्वेत. त्रोन्हाइमचे लूथरपंथी बिशप गुन्नेरूस हे स्वतः निसर्गशास्त्राचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी या दोन 'निषिद्ध' पाहुण्यांचे स्वागत केले. त्यांचाच एक विद्यार्थी, बोर्कग्रेविंक, या प्रवासात साहाय्यक म्हणून सामील झाला. पुढे जहाजाने नॉर्वेचा सारा किनारा पालथा घालीत, वादळांना तोंड देत ही मंडळी ११ ऑक्टोबर १७६८ रोजी वार्डोस उतरली.

वार्डो सत्तर अंशांहून अधिक उत्तरेस आहे. बेटावर झाड असे नाही. चांदणीच्या आकाराचा एक लहान किल्ला, थोडे शिपाई, कोळ्यांची काही घरे आणि चोहीकडे खारा वारा. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य मावळला की तो जानेवारीच्या उत्तरार्धातच पुन्हा तोंड दाखवितो. दुपारी थोडा वेळ दक्षिणेस संधिप्रकाश येतो इतकेच. नाताळच्या दिवशीही सूर्य नाही! आपल्याकडे नाताळच्या सकाळी अंगणात कोवळे ऊन पडते, नवे कपडे घालून मुले देवळाकडे निघतात. त्या वाचकांना या अंधाराची कल्पना करणे कठीण जाईल.

परंतु त्या दीर्घ रात्री पूर्ण काळोख्या नव्हत्या. चुंबकीय ध्रुवाभोवती ज्या पट्ट्यात उत्तरेची उषा सर्वांत अधिक वेळा दिसते, त्या पट्ट्याखालीच वार्डो येते. व्हिएन्नात दहा-दहा वर्षांत जी एखाद्या वेळी दिसावी, ती येथे आकाश निरभ्र असेल त्या रात्री माथ्यावर उभी. घड्याळे लावणे, ताऱ्यांचे वेध घेऊन बेटाचे अक्षांश ठरविणे, वाऱ्याचा व हवेच्या दाबाचा तक्ता भरणे, ही त्यांची रोजची कामे होती. ताऱ्यांचे वेध घ्यावयाचे म्हणजे रात्री आकाशाकडे पाहावयाचेच, आणि पाहिले की तेथे हा प्रकाश. फादर हेल यांनी त्याचीही निरीक्षणे केली. एक-दोनदा पाहून थक्क झालेला प्रवासी आणि एक अख्खा हिवाळा त्याच्या सहवासात काढलेला निरीक्षक यांत फरक असतो. त्यांच्यापूर्वी या विषयावर लिहिणाऱ्या बहुतेक युरोपीय पंडितांनी हा प्रकाश दूर क्षितिजावर, ओझरता पाहिलेला होता. तो ज्याच्या डोक्यावरून महिनोन् महिने वाहत गेला, असा निरीक्षक विरळाच.

फादर शायनोविच यांना आणखी एक काम होते. त्या प्रदेशात सामी लोक राहत. बाहेरचे लोक त्यांना लॅप म्हणत. त्यांची भाषा आणि आपली हंगेरियन मातृभाषा यांत काही नाते आहे काय, याचा शोध त्यांनी घेतला. आणि हे नाते त्यांना खरोखरीच सापडले. १७७० साली कोपनहेगनमध्ये त्यांनी यावर लॅटिन पुस्तक छापले. शब्दांच्या वरवरच्या सारखेपणाबरोबरच त्यांनी दोन्ही भाषांच्या घडणीची तुलना केली. म्हणून तौलनिक भाषाशास्त्राच्या आद्य ग्रंथांत त्याची गणना होते. हंगेरीतील मानी सरदारांना मात्र रेनडिअर पाळणारे, मासे खाणारे नातेवाईक मुळीच रुचले नाहीत! येथे आम्हांस आपल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. 'ख्रिस्तपुराण'कार स्टीफन्स हेही येशूसंघीयच. त्यांनी २४ ऑक्टोबर १५८३ रोजी गोव्याहून आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रात इकडील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले होते. ते पत्र १९५७ सालापर्यंत छापलेच गेले नाही. विल्यम जोन्स यांना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याविषयी जो मान मिळतो तो त्यांच्या १७८६ सालच्या व्याख्यानामुळे. परभाषेत सुवार्ता सांगावयाची म्हणून ती भाषा कान देऊन ऐकणाऱ्या या व्रतस्थांना ते नाते आधीच ऐकू आले होते, याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

३ जून १७६९चा दिवस उजाडला, किंबहुना तेथे तेव्हा मावळतच नव्हता. वार्डोत जूनमध्ये मध्यरात्रीही सूर्य क्षितिजावर असतो आणि म्हणूनच हे स्थळ निवडले होते. अधिक्रमण तेथे रात्री साडेनवाच्या सुमारास सुरू होऊन पहाटे साडेतीनच्या सुमारास संपणार होते. आकाश ढगाळ होते. पण शुक्र सूर्यबिंबात शिरताना ढग फाटले आणि बाहेर पडतानाही फाटले! हेल, शायनोविच आणि बोर्कग्रेविंक या तिघांनी आपापल्या दुर्बिणींतून वेळा टिपल्या. वार्डोत शुक्रास सूर्यबिंब ओलांडण्यास जेवढा वेळ लागला, तो ताहितीतील वेळेहून सुमारे तेवीस मिनिटांनी अधिक होता. या तेवीस मिनिटांत सूर्याचे अंतर दडलेले होते. फादर हेल यांनी गणित करून काढलेले अंतर सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटर येते. आज ते १४ कोटी ९६ लाख धरतात. शंभरात दोनचीही चूक नाही.

येथून त्यांच्या नशिबाचे दोन फाटे फुटतात. पहिला उत्तरेच्या उषेचा, दुसरा शुक्राचा.

कोपनहेगनला परतल्यावर त्यांनी या प्रवासावर तीन मोठे खंड लिहिण्याचे योजिले होते. त्यात प्रदेशाचे वर्णन, भाषा, समुद्र, हवामान आणि अर्थातच तो प्रकाश, सारे येणार होते. परंतु २१ जुलै १७७३ रोजी पोप चौदावे क्लेमेंट यांनी येशूसंघच विसर्जित केला. ज्या संघाने त्यांना घडविले, साहाय्यक आणि ग्रंथालये पुरविली, तो एका फर्मानाने नाहीसा झाला. वेधशाळेचे पद त्यांच्याकडे अखेरपर्यंत राहिले, पण खंड कधीच निघाले नाहीत. उत्तरेच्या उषेवरील भाग मात्र त्यांनी १७७६ साली आपल्या पंचांगाबरोबर वेगळा छापला. शीर्षक होते 'उत्तरेच्या उषेची नवी उपपत्ती'.

ती उपपत्ती काय होती? त्यांचे म्हणणे असे, की थंड प्रदेशातील हवेत बर्फाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. क्षितिजाखालील सूर्याचा किंवा चंद्राचा प्रकाश त्यांवर पडून परावर्तित होतो आणि आपल्याला ही कमान, हे किरण दिसतात. म्हणजे हा प्रकाश स्वतःचा नव्हे, उसना. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या 'राजदर्पण'कारांनी सांगितलेल्या दुसऱ्या कारणाच्या जवळच फादर हेल येऊन थांबले होते.

ही उपपत्ती चुकीची ठरली. आश्चर्य असे, की खरे कारण हाती लागण्याची साधने त्यांच्या भोवतालीच होती. सेल्सिअस आणि त्यांचे मेहुणे हियोर्टर यांनी १७४१ साली उप्साला येथे पाहिले, की आकाशात हा प्रकाश नाचू लागला की खोलीतील चुंबकसूचीही चाळवते. त्यांनी लंडनच्या ग्रॅहम यांच्याशी पत्रव्यवहार केला, तेव्हा तेथील सूचीही त्याच दिवशी चाळवल्याचे कळले. स्वतः हेल यांना चुंबकांची विलक्षण आवड होती. दुखऱ्या अवयवावर बांधण्यासाठी ते पोलादी चुंबक बनवीत; १७७४ साली त्यांचेच चुंबक घेऊन डॉक्टर मेस्मर यांनी उपचार सुरू केले आणि त्यावरून दोघांत कडाक्याचा वाद झाला. चुंबक हातात आणि उषा डोक्यावर, पण दोहोंची गाठ त्यांच्या मनात पडली नाही. हेल हे प्रकाशाच्या किरणांचे, भिंगांचे, आरशांचे माणूस होते. त्यांच्या बुद्धीने सवयीची वाट धरली, असे आम्हांस वाटते.

ती गाठ पुढे नॉर्वेतच बांधली गेली. क्रिस्तियान बिर्कलंड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निर्वात पेटीत एक लहान चुंबकीय गोल टांगला, त्यावर विद्युत्कणांचा झोत सोडला आणि गोलाच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची कडी उमटलेली पाहिली. त्यांचे सहकारी कार्ल स्टर्मर यांनी १९१० साली उत्तर नॉर्वेत दोन दूरदूरच्या ठिकाणांहून दूरध्वनीवर इशारा देत एकाच क्षणी या प्रकाशाची छायाचित्रे घेतली आणि त्याची उंची मोजली. पद्धत तीच, नाकासमोरच्या बोटाची! उंची निघाली शंभर किलोमीटर आणि त्याहून अधिक; तेथे बर्फाच्या कणांचे ढग असण्याचा प्रश्नच नाही. सूर्यापासून निघणाऱ्या विद्युत्कणांमुळे पृथ्वीचे चुंबकक्षेत्र क्षुब्ध होते, त्यातील काही कण ध्रुवांकडे वेगाने उतरतात आणि विरळ हवेवर आदळतात. प्राणवायू हिरवा उजळतो, त्याहून उंचावर तांबडा, नायट्रोजन निळा-जांभळा. हा प्रकाश उसना नाही.

चुंबकसूची मात्र जेथे हा प्रकाश दिसत नाही तेथेही चाळवते, आणि याचा एक मोठा पुरावा आपल्या मुंबईत आहे. १८२६ साली स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत २ सप्टेंबर १८५९ रोजी चुंबकक्षेत्रात प्रचंड उलथापालथ झाल्याची नोंद आहे. त्याच दिवशी उष्ण कटिबंधाच्या जवळपासच्या देशांतूनही लोकांनी आकाश लाल झालेले पाहिले. कुलाब्यातील निरीक्षक थोड्या थोड्या मिनिटांनी डोळ्यांनी सूची वाचून आकडे लिहीत बसले होते. दीडशे वर्षांनी, २००३ साली, भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी त्या आकड्यांवरूनच त्या वादळाची तीव्रता ठरविली. आणि ४ फेब्रुवारी १८७२च्या रात्री तर खुद्द मुंबईतूनच ही उषा दिसल्याचे वृत्त 'टाइम्स ऑफ इंडिया'ने छापले होते! विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलविले गेले. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानले येथील कॅमेऱ्यांनी तांबडे आकाश टिपले, ते याच घराण्यातील.

आता शुक्राकडे वळू. फादर हेल यांनी आपले आकडे प्रथम डेन्मार्कच्या राजास सादर केले. यजमानाचा तो मान होता. आकडे छापून निघावयास १७७० साल उजाडले. पॅरिसचे लालांद हे सर्व देशांचे आकडे गोळा करीत होते, त्यांना हा विलंब खटकला. इतरांचे आकडे येईपर्यंत थांबून या येशूसंघीयाने आपले आकडे त्यांच्याशी जुळवून घेतले असतील, अशी कुजबुज सुरू झाली. ज्या काळात येशूसंघीय म्हटला की कपटी हे गृहीतच होते, त्या काळात अशा संशयास खतपाणी घालावे लागत नाही. हेल १७९२ साली वारले. १८३५ साली व्हिएन्ना वेधशाळेतील कार्ल लिट्रो यांनी हेल यांची मूळ दैनंदिनी शोधून प्रसिद्ध केली आणि जाहीर केले, की महत्त्वाच्या वेळांच्या जागी खाडाखोड असून नवे आकडे निराळ्या रंगाच्या शाईने लिहिलेले आहेत. मग काय विचारता! संशयाचा निकाल झाला. पाठ्यपुस्तकांतूनही हेल यांचे नाव लबाडीचे उदाहरण म्हणून येऊ लागले.

१८८३ साली अमेरिकेचे सायमन न्यूकम हे नामांकित ज्योतिषशास्त्रज्ञ व्हिएन्नास आले. ते कॅथलिक नव्हते आणि येशूसंघाची बाजू घेण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते. वेधशाळेची नवी मोठी दुर्बीण पाहावी हा त्यांचा हेतू. तेथे असता त्यांनी ती जुनी दैनंदिनी मागवून घेतली आणि भिंग लावून पानन् पान तपासले. खाडाखोड होती खरी. पण ती शाई ओली असतानाच, बोटाने पुसून केलेली होती. वार्डोतल्या वार्डोतच, कोणाचेही आकडे येण्यापूर्वी. दुसऱ्या रंगाची म्हणविलेली शाई तीच होती. कोठे दाट उतरली होती, कोठे फिकी. मग लिट्रो यांच्यासारख्या जाणत्या माणसाला ती निराळी कशी दिसली? न्यूकम यांना एक शंका आली. त्यांनी वेधशाळेचे तेव्हाचे प्रमुख वाइस यांना विचारले, की लिट्रो यांना रंग ओळखता येत होते काय? वाइस यांनी सांगितले, की लिट्रो रंगांध होते. रोहिणी नक्षत्रातील तांबडा तारा आणि पांढराशुभ्र तारा यांतला भेदही त्यांना कळत नसे.

न्यूकम यांनी हे सारे त्याच वर्षी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि फादर हेल यांच्या नावावरील डाग पुसला गेला. चंद्रावरील एका विवरास आज त्यांचे नाव आहे. ज्या बंदीच्या छायेत ते वार्डोस राहिले, ती देहदंडाची शिक्षा वगळून नॉर्वेच्या १८१४च्या राज्यघटनेतही उतरली होती. मठवासी संघांवरील बंदी १८९७ साली गेली, येशूसंघीयांवरील मात्र १९५६ सालापर्यंत राहिली.